प्राइझ, अवॉर्ड की रिवॉर्ड? प्रमाणपत्रावर नेमकं काय लिहायचं?



डिसेंबर-जानेवारी आला की आपल्या शाळांमध्ये बक्षीस वितरणाची धांदल सुरू होते. स्नेहसंमेलन, केंद्रस्तरीय स्पर्धा, क्रीडास्पर्धा. प्रमाणपत्रं छापायची, नावं घालायची, मुख्याध्यापकांच्या सह्या घ्यायच्या. या गडबडीत प्रमाणपत्रावरचा मजकूर मागच्या वर्षीचाच पुढे ढकलला जातो. मीही तेच करत आले होते. पण मागच्या वर्षी आमच्याकडे सेमी इंग्रजीचा वर्ग सुरू झाला आणि कुणीतरी म्हणालं की आता प्रमाणपत्रंही इंग्रजीत हवीत. मजकूर तयार करायचं काम माझ्याकडे आलं. मी नेटवरून एक नमुना उतरवला, नावं घातली आणि छापायला दिला.

गोष्ट सांगण्याच्या स्पर्धेत तिसरीतल्या एका मुलीला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं होतं. चार लोकांत तोंड उघडायलाही लाजणारी ही पोरगी, ती स्टेजवर उभी राहून तीन मिनिटं बोलली होती. चौथ्या दिवशी तिचे वडील शाळेत आले. टेम्पो चालवतात. प्रमाणपत्र नीट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणलं होतं. म्हणाले, "बाई, रागावू नका. मी मोबाईलवर याचा अर्थ बघितला. 'सांत्वन पारितोषिक' असा दाखवतोय. सांत्वन तर घरात कुणी गेल्यावर करतात. माझ्या पोरीचं कसलं सांत्वन?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. कारण मोबाईल चुकीचं सांगत नव्हता. इंग्रजीतल्या कन्सोलेशन या शब्दाचा अर्थ सांत्वन, दिलासा असाच आहे. हरलेल्याला वाईट वाटू नये म्हणून दिलेलं ते कन्सोलेशन प्राइझ. आपला मराठी शब्द मात्र वेगळीच गोष्ट सांगतो. उत्तेजनार्थ, म्हणजे पुढे जायला बळ मिळावं म्हणून. एक शब्द मागे बघून डोळे पुसतो, दुसरा पाठीवर हात ठेवून पुढे ढकलतो. आणि मी पुढे ढकलणारा शब्द काढून डोळे पुसणारा छापला होता. (खेळात उत्तेजक द्रव्य घेणं हा गुन्हा आणि उत्तेजनार्थ बक्षीस हा मान, ही गंमत आमच्या क्रीडाशिक्षकांनी तेव्हा लक्षात आणून दिली, ती वेगळी.)

त्यानंतर मी बक्षिसांसाठीच्या इंग्रजी शब्दांच्या मागेच लागले. डी.एड.ला असताना आम्हाला शिकवलं होतं की प्राइझ म्हणजे बक्षीस, अवॉर्ड म्हणजे पुरस्कार, रिवॉर्ड म्हणजे इनाम. जोड्या लावा, पाच गुण. मीही मुलांना इतकी वर्षं तसंच शिकवलं. पण शब्द इतके सरळ नसतात.

सुरुवात प्राइझपासून करू, कारण मुलांच्या सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. चौथीच्या वर्गात फळ्यावर लिहायला सांगा, निम्मी मुलं झेडच्या जागी सी लिहितात आणि बक्षिसाची किंमत करून टाकतात. प्राइझ म्हणजे बक्षीस, प्राइस म्हणजे किंमत. चूक फक्त मुलांचीच आहे असं नाही. मंडळांच्या बॅनरवर 'फर्स्ट प्राइस' मी स्वतः वाचलंय. आपल्या बोलण्यात दोन्हीचा उच्चार जवळपास एक होतो, म्हणून लिहिताना घोळ होतो. यावर एक सोपा उपाय आहे. मुलांना गळ्यावर बोटं ठेवायला सांगा. आधी 'बस' म्हणायला लावा आणि शेवटचा स लांबवायला सांगा, गळा थरथरत नाही. मग 'आज' म्हणायला लावा आणि त्यातला ज तसाच लांबवायला सांगा, थरथर बोटांना लागते. प्राइसच्या शेवटी 'बस'मधला स, प्राइझच्या शेवटी 'आज'मधल्या जच्या जवळचा आवाज. दुसरी गोष्ट, प्राइझमधला 'आइ' किंचित लांबतो, प्राइसमधला झटकन तुटतो. मुलांना हा खेळ फार आवडतो, पुढचा अर्धा तास वर्गात सगळे गळा धरून बसतात.

प्राइससाठी बिस्किटाच्या पुड्याचं रिकामं वेष्टन आणायला सांगावं. त्यावर एम.आर.पी. छापलेलं असतं, त्यातलं पी म्हणजे प्राइस. मॅक्झिमम रिटेल प्राइस. एकदा ते वेष्टन वहीत चिकटवलं की सी कुठे लिहायचा हे मूल सहसा विसरत नाही.

आता गंमत अशी की ही चूक करणारी मुलं शब्दांच्या इतिहासाच्या अगदी जवळ असतात! प्राइस आणि प्राइझ हे मुळात एकच. लॅटिनमध्ये प्रेटियम असा शब्द होता, त्याचा अर्थ किंमत, मोल, आणि मोबदलाही. तो जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि पुढे त्याच्या दोन वाटा झाल्या, एक बाजाराकडे गेली, दुसरी स्टेजकडे. प्रेझ म्हणजे कौतुक हाही त्याच घरातला. प्रेशस म्हणजे मौल्यवान, अप्रिशिएट म्हणजे मोल ओळखणं, हे सगळे भाऊबंद. म्हणून प्राइझ हे क्रियापद म्हणून वापरलं तर त्याचा अर्थ 'बक्षीस देणे' होत नाही, 'मोलाचं मानणे' होतो. 'शी प्राइझेस हर ग्रँडमदर्स लेटर' म्हणजे आजीचं पत्र ती जपून ठेवते, तिच्या लेखी ते अमोल आहे. आणि कृषी प्रदर्शनात पहिल्या आलेल्या बैलाला इंग्रजीत प्राइझ बुल म्हणतात. खेड्यातल्या मुलांना हे उदाहरण लगेच कळतं.

प्राइझ बहुतेक वेळा जिंकायचं असतं. स्पर्धा असते, सोडत असते, नंबर असतो. लॉटरीत प्राइझ लागतं. लॉटरीत अवॉर्ड लागला असं कुणी म्हणत नाही. का म्हणत नाही, याचं उत्तर मला एका मुलाने दिलं, आणि मी त्याला चूक ठरवलं.

झालं असं. मी वर्गात विचारलं होतं, तुमच्या घरात कुणाला अवॉर्ड मिळालाय का? एकाचा काका कुस्तीतला, एकीची आई बचत गटातली. एक मुलगा उठून म्हणाला, "माझ्या आजोबांना मिळालाय. कालव्यात जमीन गेली तेव्हा." वर्ग हसला. मी म्हटलं, "अरे नाही, ते अवॉर्ड नाही, अवॉर्ड म्हणजे बक्षीस." तो खाली बसला. आठवडाभराने त्याचे आजोबा काही कामाने शाळेत आले, तेव्हा मी सहज विषय काढला. ते म्हणाले, "मिळालाय की. पेटीत कागद आहे." दुसऱ्या दिवशी पोराच्या हातून झेरॉक्स पाठवली. भूसंपादनाचा निवाडा. गट नंबर, क्षेत्र, ठरवलेली रक्कम. गावात सगळे त्याला अवॉर्डच म्हणतात.

आणि तो शब्द बरोबर आहे. भूसंपादनाच्या कायद्यात, अगदी 1894 च्या जुन्या कायद्यापासून, जमिनीची भरपाई ठरवणाऱ्या निर्णयाला अवॉर्ड हाच शब्द आहे. मराठी सरकारी कागदात निवाडा. हा अवॉर्डचा कुठलातरी दूरचा अर्थ नाही, मूळ अर्थच तो. जुन्या फ्रेंचमधल्या ज्या क्रियापदावरून हा शब्द आला, त्याचा अर्थ नीट निरखून पाहून निर्णय देणे असा होता. त्यातला 'वॉर्ड' म्हणजे लक्ष ठेवणे. वॉर्डन, गार्ड हे त्याच कुळातले. म्हणजे अवॉर्ड हा आधी न्यायाधीशाचा शब्द, मग समारंभाचा.

हे एकदा कळलं की इतिहास-भूगोलाच्या पुस्तकातल्या कितीतरी गाठी सुटतात. 1932 च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅकडोनाल्ड यांनी जो कम्युनल अवॉर्ड जाहीर केला, त्यात बक्षीस कुणालाच नव्हतं, तो कुणाला किती आणि कसं प्रतिनिधित्व याचा निर्णय होता. मराठीत आपण त्याला जातीय निवाडा म्हणतो. त्यातूनच पुढे 24 सप्टेंबर 1932 चा पुणे करार झाला. 1947 साली रॅडक्लिफनी भारत-पाकिस्तानची सीमा ठरवली, तोही अवॉर्डच. कृष्णा खोऱ्यातल्या पाण्याचं वाटप करणाऱ्या बच्छावत लवादाचा निर्णय, ज्यात महाराष्ट्राच्या वाट्याला 560 टीएमसी पाणी आलं, त्यालाही बच्छावत अवॉर्ड म्हणतात. फुटबॉलमध्ये पंच पेनल्टी किक देतो, तेव्हा इंग्रजी कॉमेंट्रीत 'पेनल्टी अवॉर्डेड' ऐकू येतं. आपण पेपर तपासून गुण देतो, तेही 'मार्क्स अवॉर्डेड'. विद्यापीठ पदवी अवॉर्ड करतं. सगळीकडे एकच सूत्र आहे, कुणीतरी अधिकाराने, तपासून, ठरवून दिलं. लॉटरीत तपासून ठरवणारं कुणी नसतं, म्हणून तिथे अवॉर्ड बसत नाही.

मी त्या मुलाला वर्गासमोर सांगितलं की त्याचं बरोबर होतं आणि माझं चुकलं होतं. त्याला फारसं काही वाटलेलं दिसलं नाही. मला मात्र आजोबांच्या त्या पेटीतल्या कागदाचं वाईट वाटत राहिलं. गावात अवॉर्ड हा शब्द ज्यांनी पहिल्यांदा ऐकला, त्यांनी तो जमीन जाताना ऐकला.

सिनेमाचं सर्वांना माहीत असलेलं उदाहरण घेऊ. ऑस्करचं औपचारिक नाव अकॅडमी अवॉर्ड. अकॅडमीचे सदस्य मतं देऊन ठरवतात. आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैया यांना 1983 साली 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी तो मिळाला, ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. वेशभूषेचा विषय निघाला की मुलींना हे आवर्जून सांगावं.

मात्र नावांच्या बाबतीत नियम घट्ट धरून बसू नका. नोबेल हे प्राइझ आहे, ज्ञानपीठ हा अवॉर्ड आहे, दोन्हीकडे तज्ज्ञ बसूनच ठरवतात. संस्थेने जे नाव ठेवलं ते तसंच लिहायचं. मराठीत आपण नोबेल पारितोषिक म्हणतो आणि खांडेकर, कुसुमाग्रज, विंदा, नेमाडे यांना मिळाला तो ज्ञानपीठ पुरस्कार म्हणतो. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना 2020 साली मिळालं त्याचं नाव ग्लोबल टीचर प्राइझ. दहा लाख डॉलर्सची रक्कम होती, आणि त्यातली निम्मी त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांना वाटून देण्याचं जाहीर केलं. त्या दिवशी आमच्या स्टाफरूममध्ये पेढे वाटले होते, ओळख ना देख.

रिवॉर्डकडे वळू. तो प्राइझपेक्षा अवॉर्डच्या जवळचा नातेवाईक आहे, त्यातही तोच 'वॉर्ड' बसलेला दिसेल. रिवॉर्ड आणि रिगार्ड हे मुळात एकाच शब्दाचे दोन उच्चार. रिगार्ड म्हणजे लक्ष देणे, मान देणे. म्हणून रिवॉर्डसाठी मला इनामापेक्षा 'दखल घेणे' हे जास्त जवळचं वाटतं. एखाद्याने काही केलं, आपण ते पाहिलं आणि त्याबद्दल काही दिलं. स्पर्धा लागत नाही, समारंभ लागत नाही. हरवलेलं पाकीट परत आणून देणाऱ्याला रिवॉर्ड. आरोपीची माहिती देणाऱ्याला पोलीस जाहीर करतात ते रिवॉर्ड. आपण वहीवर चांदणी काढतो तेही. आणि रिवॉर्डिंग म्हणजे ज्यातून समाधान मिळतं असं. आपल्या नोकरीला इंग्रजीत लोक तसं म्हणतात, पगाराच्या तारखेला नाही.

इथे व्याकरणाचा एक काटा आहे, तो प्रमाणपत्रांवर हमखास टोचतो. 'शी वॉज अवॉर्डेड विथ अ मेडल' असं आपल्याकडे सर्रास लिहिलं जातं. अवॉर्डेडनंतर विथ लागत नाही. 'शी वॉज अवॉर्डेड अ मेडल', एवढंच. रिवॉर्डेडनंतर मात्र विथ चालतं, 'ही वॉज रिवॉर्डेड विथ अ बुक'. आणि प्राइझ हे क्रियापद देण्यासाठी वापरता येत नाही हे वर आलंच, म्हणून पहिल्या बक्षिसाच्या प्रमाणपत्रावरही क्रियापद 'अवॉर्डेड टू' असंच येतं. 'फर्स्ट प्राइझ, अवॉर्डेड टू', पुढे मुलाचं नाव, मग 'फॉर' आणि कशासाठी ते. हा 'फॉर' कृपा करून गाळू नका. निम्म्या प्रमाणपत्रांवर कशासाठी हेच नसतं.

एवढं इंग्रजीबद्दल झालं म्हणून आपले शब्द सोपे आहेत असं समजू नका. इतिहासाच्या पुस्तकात 'महात्मा फुले यांनी स्त्रीशिक्षणाचा पुरस्कार केला' असं वाक्य आलं की दरवर्षी एकतरी मूल विचारतं, बाई, फुल्यांनी कुणाला पुरस्कार दिला? मुलाची शंका रास्त आहे. पुरस् म्हणजे पुढे आणि कार म्हणजे करणे. पुढे करणे. एखादा विचार पुढे केला की आपण त्याचे पुरस्कर्ते, आणि एखाद्या माणसाला चारचौघांत पुढे केलं की तो पुरस्कार. पारितोषिकात परितोष आहे, म्हणजे संतोष. बघणारा तृप्त झाला, म्हणून त्याने दिलं. बक्षीस फारसीतून आलंय, मुळात अर्थ देणगी. म्हणून जमीन किंवा घर पैसे न घेता मुलाच्या नावावर करायचं असेल तर आपण बक्षीसपत्र करतो, त्यात कुठली स्पर्धा नसते. इनाम अरबीतून आलं, आणि त्यावरून इनामी जमिनी आणि इनामदार आडनाव. म्हणजे बक्षीस काय, इनाम काय, अवॉर्ड काय, सगळ्यांच्या फाईली शेवटी तलाठी कार्यालयात सापडतातच!

वर्गात मी आता जोड्या लावा घेत नाही. प्रसंग सांगते आणि शब्द मुलांनी निवडायचा, कारणासकट. गणपतीत संगीत खुर्चीत डबा मिळाला. गावच्या तंट्यात पंचांनी बांध कुणाचा ते ठरवलं. हरवलेली शेळी शोधून आणली म्हणून शेजारच्या काकूंनी वीस रुपये दिले. वीस वर्षं विनामूल्य रक्तदान शिबिरं घेणाऱ्या डॉक्टरांचा जिल्ह्याच्या ठिकाणी सत्कार झाला. पहिल्याला प्राइझ, तिसऱ्याला रिवॉर्ड, यावर लगेच एकमत होतं. चौथ्याला अवॉर्ड. दुसऱ्यावर मुलं अडतात, आणि मग तो आजोबांच्या कालव्याचा मुलगा हात वर करतो.

पालकांसाठी एकच. घरात गृहपाठ केला तर चॉकलेट असं ठरवता, ते प्राइझही नाही आणि अवॉर्डही नाही, फार तर रिवॉर्ड, आणि रोजचं झालं की त्याची नुसती प्राइस होते. मूल भाव करायला लागतं. माझ्याच घरी हे झालंय, म्हणून सांगते.

आता प्रमाणपत्राचं. मी मुख्याध्यापकांशी बोलले. कन्सोलेशन काढून टाकलं. इंग्रजीत अशा ठिकाणी 'स्पेशल मेन्शन' असंही लिहितात, म्हणजे विशेष उल्लेख, ते घेतलं. पण वर मोठ्या अक्षरात मराठीत 'उत्तेजनार्थ' ठेवलं, कारण घरी वाचणारे मराठीत वाचणार. खाली एक ओळ रिकामी सोडली, कशासाठी ते हाताने लिहायला. पन्नास प्रमाणपत्रांवर वेगवेगळं लिहायला दोन संध्याकाळी गेल्या, पेनं तीन संपली. त्या मुलीच्या कागदावर लिहिलं, 'न थांबता, न बघता, संपूर्ण गोष्ट सांगितल्याबद्दल.'

नवं तिच्या हातात दिलं आणि जुनं परत मागितलं. तिने दिलं नाही. म्हणाली, "बाई, त्याच्यावर माझं नाव जास्त मोठं छापलंय." दोन्ही घेऊन गेली.